कुठलं पान?

साप हा शब्द मी आत्ता लिहिला, तर तेवढ्यानंसुद्धा माझे पाय आपोआप खुर्चीवर वर आले. हसा खुशाल. अँब्युलन्सवर काम करणारी बाई मी. माणसाचं मोडलेलं हाड हातात धरून "काही नाही हो, जरासं लागलंय" असं बिनदिक्कत सांगते. पण हा एक शब्द आला की माझं पाणी पाणी होतं. आता निदान तो तोंडातून निघतो तरी. पूर्वी तेवढंही जमत नव्हतं.

आमचं गाव कुंडल. घर उसातच म्हणायचं, मागचं दार उघडलं की सरी सुरू. अशा घरात त्याची भीती असतेच, पण आमच्यात ती जरा जास्त होती, कारण माझी धाकटी चुलती त्यानं गेली. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. काकी माझी वेणी घालायची आणि केस असे ओढायची की डोळे तिरके व्हायचे. त्या दिवशी सकाळी तिनं माझी वेणी घातली, मग ती मागं शेणी, म्हणजे गोवऱ्या, काढायला गेली, ढिगात हात घातला आणि हात धरून बाहेर आली. "पान लागलं, वो पान लागलं!" आईनं तिला जीपमध्ये घातलं, स्वतः बरोबर बसली. तिन्हीसांजेला आई एकटीच परत आली. मला एवढंच आठवतं.

पान लागलं म्हणजे साप चावला. नाव घेतलं की तो येतो, म्हणून आमच्याकडं नाव घेत नाहीत. तशी आमची सगळी भाषाच भित्री. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात, डबा रिकामा खडखडत असला तरी. कुणी घरातून जात नाही, 'येतो' म्हणून निघतो. या सगळ्याचं हसू येतं, पण काकी गेल्यावर आमच्या घरात ते हसण्यासारखं राहिलं नाही. आईच्या पुढ्यात काकीचा विषय काढला की ती उठून आत जायची. शेणीच्या ढिगाला ती आधी काठीनं बडवायची, मग लांबून एकेक शेणी ओढायची. आम्ही पोरं अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकत नव्हतो.

बारावीला माझे मार्क असे पडले की डॉक्टरकीचं नाव काढायला नको आणि नर्सिंगला नंबर लागायला नको. आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी कुठून तरी काढलं की सांगलीत एक वर्षाचा कोर्स आहे, अँब्युलन्सवर पेशंटला सांभाळायचं शिकवतात, आणि नंतर काम मिळतं. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. गावात हे नाव कुणाच्या तोंडात बसेना. कुणी म्हणायचं गाडीवालीचा कोर्स, कुणी म्हणायचं उचलाउचलीचा. शेजारची एक मावशी तर आबांना अंगणात उभी राहून म्हणाली, "आवं, लग्नाच्या पोरीला मढी उचलाय लावताय व्हय?"

आबा म्हणाले, "मढी न्हाईत वैनी. मढी हुयाच्या आधीची माणसं उचलणार हाय ती."

त्या बोलण्यानं मावशीपेक्षा खरं तर मीच गार पडले. मेलेला माणूस काही मागत नाही. अर्धवट जिवंत माणसाचं काय करायचं, ते मला येत नव्हतं, आणि आता ते करायचं माझ्यावर येणार होतं.

सांगलीत वर्गात एक रबराचा माणूस होता, कमरेपासून वरचा. आम्ही त्याला पाव्हणं म्हणायचो. रोज सकाळी पाव्हण्याच्या छातीवर दाब द्यायचे, त्याच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबायचा, छाती वर आली का बघायचं. पोरं चेष्टा करायची, "आज पाव्हणं लवकर गेलं, चहा बी न्हाई घेतला." मीही हसायची. पण दाब देताना त्याच्यातली स्प्रिंग कट् वाजली की मी थबकायची. खरं माणूस असलं तर ही बरगडी असेल, असं मनात यायचं, आणि हात ढिले पडायचे.

शिकवायला सर होते तेही फौजेतलेच. लष्करी दवाखान्यात आयुष्य गेलेलं. आमची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते आम्हाला गावाच्या नावानं हाका मारत. "जत, उठ. खंडाळा, झोपलास का? कुंडल, पट्टी बांध." स्वतः पेशंटचे नातेवाईक व्हायचे आणि काहीबाही सांगायचे. आम्ही त्यातून काय झालंय ते काढायचं. "मडकं घेताना वाजवून बघता का नाही?" ते ओरडायचे. "मग पेशंटचा शब्द तसाच काय उचलता? वाजवून बघा की!"

एके दिवशी त्यांनी पडद्यावर सापांची चित्रं लावली. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय?

"कुंडल, उठ. बाई शेतातून आणलीय, हाताला दोन खुणा आहेत, पापण्या जड झाल्यात. दवाखान्याला फोनवर काय सांगशील?"

मी म्हटलं, "पान लागलंय, सर."

माझ्या शेजारची सांगली शहरातली पोरगी. तिला खरंच कळलं नाही बिचारीला. ती हळूच म्हणाली, "विड्याचं?" झालं, वर्ग फुटला.

सर हसले नाहीत. "बरोबर विचारलं तिनं. कुठलं पान? विड्याचं, उसाचं, का वहीचं?"

"जनावर चावलंय, सर."

"कुठलं? म्हैस?"

"किरडू."

"फोनवरचा डॉक्टर नागपूरचा आहे. त्याला किरडू काय कळतंय?"

"लांबडं, सर."

"लांबडा दोरही असतो."

पोरं बाकावर डोकी ठेवून हसत होती. मला राग लय येतो, आणि राग आला की रडू येतं, हा माझा जन्माचा घोळ आहे. मी रडत रडतच ओरडले, "आमच्या घरातलं माणूस गेलंय त्यानं. मी नाव घेणार नाही!"

पोरांनी बाकावरची डोकी वर उचलली. मला वाटलं, आता सर नरमतील. कशाचं काय! ते म्हणाले, "मग मी तुला गाडीवर पाठवणार नाही. वर्षभर पाव्हण्याशी खेळ आणि घरी जा." गाडीवरचं ट्रेनिंग झाल्याशिवाय कोर्स पुरा होत नव्हता आणि तिथं पाठवायचं त्यांच्या हातात होतं.

चार दिवस मी नदीच्या घाटावर जाऊन भर उन्हात एकटीच तोंड हलवून बघितलं. 'सा' पर्यंत यायचं आणि पुढचं अक्षर घशातच राहायचं. शेवटी सरांच्या खोलीत गेले, चपलेत पायाची बोटं घट्ट आवळली आणि एकदाचं म्हटलं. सर म्हणाले, "पेशंट मरताना एवढ्याच आवाजात सांगणार आहेस का?" पण त्यांनी मला पाठवलं. होस्टेलवर येऊन मी पहिलं काम काय केलं असेल? कॉटखाली बॅटरी मारून बघितलं. माझ्या खोलीतल्या पोरी अजून त्यावरून मला चिडवतात.

सांगलीच्या दवाखान्यात अपघात विभागात काही महिने काढल्यावर मला साताऱ्याला गाडीवर टाकलं. गाडीवर आम्ही तिघं. ड्रायव्हरकाका मेढ्याकडचे, माझा सीनियर दादा मिरजेचा, आणि मी शिकाऊ. मेढ्याच्या डोंगरातून अडलेली बाळंतीण आणायची, खंडाळ्याकडच्या घाटात ट्रकखालून माणूस काढायचा, असलं काम. आमची शूर कन्या म्हणून आबा गावभर सांगत फिरायचे. आणि शूर कन्येचं काय, तर फोन वाजला की पहिला विचार मनात यायचा, दुसऱ्या गाडीला जाऊ दे देवा. मग बूट घालायचे. गाडीत चढताना मी उगीचच ऑक्सिजनचा कॉक उघडून बंद करून बघायची, कारण हाताला काहीतरी काम हवं असायचं.

गौरी-गणपती नुकते होऊन गेले होते. दुपारी फोन आला. कृष्णाकाठच्या एका गावात उसात भांगलताना, म्हणजे तण काढताना, बाईला चक्कर आलीय, हाताला उसाचं पान लागून कापलंय. दादा म्हणाला, "ऊन लागलं असणार. पावसाळ्यानंतरचं ऊन लय वाईट." मला हायसं वाटलं. चक्कर, कापलेला हात, ड्रेसिंग. एवढं मला झोपेतही आलं असतं.

गावाच्या बाहेर वाटेवर बाभळीखाली बायांचा घोळका उभा होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. मधे पोत्यावर एक पन्नाशीची, दणकट, काळीसावळी बाई पडलेली. हातभर हिरव्या बांगड्या. उजव्या हाताला हळदीनं पिवळं झालेलं कापड आवळून बांधलेलं. तिच्या उशाशी तिची सून बसली होती, या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, साताऱ्याची पोर, उसात पहिल्यांदाच उतरलेली. ती रडत नव्हती पण तिचे दात वाजत होते.

"आत्याबाई माझ्या पुढच्या सरीत होत्या," ती सांगायला लागली. "एकदम हात झटकत बाहेर आल्या. पान लागलं गं, म्हणाल्या. मी हळद लावून घट्ट बांधलं. घरातून चहा आणून पाजला. मग म्हणाल्या, डोळ्यांवर झापड येतीय. मी म्हटलं, पडा जरा."

दादानं नाडी बघितली, ब्लड प्रेशर बघितलं. "ठीक आहे. ग्लुकोज लावू आणि जवळच्या दवाखान्यात सोडू."

मी तिथंच उभी. 'पान लागलं गं, म्हणाल्या.' काकीही असंच म्हणाली होती. मग मीच मला दटावलं, अगं उसात पान लागणारच की! तुझ्या स्वतःच्या हातावर वण आहेत ना त्या पानांचे? उसाच्या पानाची धार ब्लेडसारखी, ऊस लावणारा प्रत्येक माणूस दिवसातून दहादा म्हणतो पान लागलं, आणि खरंच पानच लागलेलं असतं. तू भित्री आहेस, तुला दोरीतही तेच दिसतं.

मी सुनेला विचारलं, "उसाचं पान लागलं म्हणाल्या, का नुसतंच पान?"

"पानच म्हणाल्या. आम्ही उसातच होतो ना हो."

मी गुडघ्यावर बसले. पोत्यावरच्या मावशीनं माझ्याकडं बघायला मान मागं टाकली, कारण पापण्या वर जात नव्हत्या, अर्ध्यावरच पडल्या होत्या. ओठाच्या कडेनं लाळ येत होती, ती तिला गिळता येत नव्हती. सरांच्या पडद्यावर होतं ते. आधी पापण्या, मग घसा, मग श्वास. आणि तेव्हा मी मान खाली घालून रेघा ओढत होते, तरी ते कसं कोण जाणे कानातून आत गेलं होतं.

"दादा, हे ऊन नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

मला सांगता येईना. ऊस वाऱ्यानं सळसळत होता आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर पाचटाचा ढीग पडला होता. जे हिला लागलं ते अजून इथंच कुठंतरी असेल, या विचारानं मी पाय आखडून घेतले. आणि दुसरी भीती तिच्यापेक्षा मोठी. नसलंच ते, आणि मी उगीच बोंब मारली, तर? आणि असलं, आणि मी बोलले नाही, तर?

मी मावशीच्या कानाशी वाकले. "मावशी, कुठलं पान?"

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"उसाचं? का दुसरं?"

घशातून नुसतं "हं" आलं.

दादा वैतागला. "अगं, दुसरं म्हणजे काय? कशालाही हं म्हणतील त्या. नीट विचार तरी."

बरोबर होतं त्याचं. लांबडा दोरही असतो. मी चपलेत बोटं आवळायला गेले तर पायात बूट होते. मग काय झालं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले आणि गळा फाडून ओरडले, "साप! मावशी, साप चावला का? साप असला तर माझं बोट दाबा!"

बायांचा घोळका एकदम मागं सरकला. ड्रायव्हरकाका स्ट्रेचर आणत होते, ते जागच्या जागी थांबून आपल्या पायांकडं बघायला लागले. आणि मावशीच्या डाव्या हातात माझं बोट होतं, ते तिनं दाबलं. जोर नव्हता, तान्ह्या पोरानं धरावं तसं धरलं, पण सोडलं नाही.

सून किंचाळली, "मला सांगितलं नाही हो त्यांनी! सांगितलंच नाही मला!"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. माझा राग कुणावर होता मला माहीत नाही, पण तो तिच्यावर निघाला. "सांगितलं होतं की त्यांनी!"

त्या पोरीचा चेहरा मी अजून विसरले नाही. पण तेव्हा तिच्याकडं बघायला सवड नव्हती. गाडीत घेतल्या घेतल्या दादानं मावशीच्या हातावरचं कापड सैल केलं. खाली हात टम्म सुजलेला. पानांनी कापलेल्या इतक्या रेघा, की त्यात दाताची खूण कुठली हे डॉक्टरलाही दिसलं नसतं. बांगड्या मांसात रुतायला लागल्या होत्या. मी त्यांना हात घातल्यावर सून पुढं झाली, "फोडू नका हो! मामा आहेत अजून." सासरा जिवंत असताना सासूच्या बांगड्या फोडायच्या म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी म्हटलं, "फोडत नाही. वाढवते." आणि कापडात धरून एकेक वाढवली. ती मागं सरकली. असल्या भित्र्या शब्दांचा कधी कधी उपयोग होतो तो असा.

जवळचा दवाखाना सोडून आम्ही थेट साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालो, कारण श्वासाचं मशीन तिथं होतं. फोन मी लावला. "साप चावलेली बाई आणतोय. पापण्या पडल्यात, गिळता येत नाही, श्वास उथळ आहे." शब्द दुसऱ्यांदा निघाला. तेव्हा मात्र भ्यायलासुद्धा वेळ नव्हता.

अर्ध्या वाटेत मावशीची छाती हलायची थांबली. म्हणजे हलत होती, पण नुसती थरथर. दादानं मास्क धरला आणि मी फुगा दाबायला लागले. पाव्हण्यावर हजार वेळा केलेलं काम. पण पाव्हण्याचे ओठ कधी निळे पडत नाहीत. मी दाबला की छाती वर यायची, मी सोडला की खाली जायची, आणि मधल्या क्षणात काहीच व्हायचं नाही. त्या मधल्या क्षणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. मी विसरले, मला शिंक आली, गाडी खड्ड्यात आदळून हात सुटला, तर ही बाई गेली. तिचा श्वास माझ्या मुठीत होता आणि मुठीला घाम सुटला होता. वाटेत कुठल्याशा मंडळाचा मांडव अजून रस्त्यातच होता. काकांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

सून मधेच म्हणाली, "गेल्या का हो?"

"गप! त्या ऐकतायत!" मी ओरडले. सरांनी सांगितलं होतं, या विषात माणूस डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण आत सगळं ऐकत असतो. म्हणून मी मावशीशी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. "मावशी, मी हाय. श्वास मी देते, तुमी नुसतं पडून ऱ्हावा. सून तुमची गुणाची हाय, चहा बरा करती का? आता आलंच सातारा, आलंच बघा." दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वेड लागलंय असं त्याला वाटलं असेल तर वाटू दे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"साप," मी म्हटलं.

ते तिला घेऊन आत पळाले. नळी घातली, मशीन लावलं, औषध सुरू केलं. बाहेर बाकावर सून आणि मी. मी तिला म्हणणार होते की मघाशी चुकून बोलले गं, पण ते राहिलंच. माझे हात मांडीवर आपोआप फुगा दाबल्यासारखे मिटत होते, उघडत होते. आणि डोक्यात एकच, नसलंच ते तर? तिनं नुसतं घाबरून बोट दाबलं असेल तर? आमची पाळी संपली तरी मी तिथून हलले नाही. शेवटी आतून सांगत आले की विषच आहे, औषध लागू पडतंय, पण अजून काही सांगता येत नाही.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पाळी संपवून बघायला गेले तर मशीन निघालं होतं आणि मावशी उशीला टेकून बसली होती, डोळे टक्क उघडे. घसा नळीनं बसलेला. सून तिला चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून सून उठली आणि माझा हात धरून उभी राहिली.

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माज्या बांगड्या तूच फोडल्यास व्हय गं?"

"वाढवल्या, मावशी."

"आन् वरडलीस किती! कानाचे पडदे फाटले आसते माजे." मग जवळ बोलावून, बसक्या आवाजात दम भरल्यासारखं म्हणाली, "त्येचं नाव घेऊ ने पोरी. येतंय ते."

मी हसत सुटले. इतकी हसले की वॉर्डातल्या सिस्टरनं मला बाहेर काढलं. बाहेर जिन्यात बसून मी पोटभर रडले.

त्या रविवारी मी कुंडलला गेले. आबा बाजाराला गेले होते. आई मागच्या दारी चुलीवर भाकरी करत होती. मी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं, अगदी फुशारकीनं सांगितलं, मीठमसाला लावून. सरांची नक्कल केली, काका कसे पायांकडं बघत राहिले ते करून दाखवलं. तो शब्द मात्र आईच्या पुढ्यात घेतला नाही. "मग मी नाव घेऊनच विचारलं," एवढंच म्हटलं.

आईनं विचारलं, "वाचली?"

"वाचली की."

"बोलती?"

"बोलती कसली, भांडती!"

आई हसली नाही. भाकरी थापायचं थांबवून पिठाचे हात तसेच परातीत ठेवून बसली.

"दारात मलाबी इच्यारलं हुतं," ती म्हणाली.

मला आधी कळेना ती कशाबद्दल बोलतेय.

"तुज्या काकीला घिऊन गेले तवा. नवा डाक्टर हुता, परमुलखातला. काय झालं म्हनला. म्या म्हनलं, पान लागलंय. त्यानं तिचा हात बघितला. शेणीनं खरचटलं हुतं हाताला. त्यानं मलम लावलं, पट्टी बांधली, बसा म्हनला बाकावर." आई परातीकडंच बघत होती. "माज्या खांद्यावर डोकं टाकून झोपली ती. मला वाटलं, चला, बरं वाटाय लागलं. म्या तिला थापटत बसले. लय येळ थापटत बसले गं."

चुलीतलं लाकूड बाहेर सरकलं होतं, ते मी आत ढकललं. इतकी वर्षं ती उठून आत जायची, ती दवाखान्यातल्या त्या बाकावर जाऊन बसत होती तर. आबांना ठाऊक होतं का, मी विचारलं. तिनं मान हलवली. कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला बाभळीखालची ती सून आठवली. मी म्हटलं, "आई, तू सांगितलं होतंस. सांगितलं होतंस की तू."

"न्हाई," आई म्हणाली. "नाव कुटं घेतलं म्या?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं. मग वर बघून, नाव विचारल्यावर पहिल्या दिवशीची शाळेतली पोर सांगते तसं, हळू म्हणाली, "साप."

आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी चुलीमागच्या जळणाच्या ढिगाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. तरी भाकऱ्या होईपर्यंत आम्ही पाटावर पाय वर घेऊनच बसलो.